घरच्या घरी चित्रफीत-संकलन : कोणते सॉफ्टवेअर निवडावे?

स्नानसंस्कार, प्रथम ख्रिस्तप्रसाद, लग्न, गुरुदीक्षा, धर्मग्रामाचा सण, आजी-आजोबांच्या विवाहाचा सुवर्णमहोत्सव. आपल्या समाजात यांपैकी कोणताही सोहळा आता चित्रीकरणावाचून पार पडत नाही. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी हे काम गावातील व्हिडिओवाल्याकडे सोपवले जाई आणि महिन्या-दोन महिन्यांनी तो व्हीएचएस कॅसेट घरी आणून देई. आज प्रत्येकाच्या हाती मोबाइल असल्यामुळे एकाच लग्नाच्या शे-दोनशे क्लिप नातेवाइकांच्या फोनमध्ये विखुरलेल्या असतात. जुन्या कॅसेट कपाटात आणि नव्या क्लिप फोनमध्ये. दोन्हींची गत एकच, त्या पुन्हा कोणी पाहत नाही. ज्या कॅसेटमध्ये आज हयात नसलेल्या आईचा किंवा आजोबांचा आवाज आहे, ती कॅसेट अशी पडून राहणे ही साधी गोष्ट नव्हे.

या सर्व चित्रणातून नको असलेला भाग काढून, उरलेला क्रमवार जोडून, त्याला शीर्षक व संगीत देऊन तासाभराची एक नेटकी चित्रफीत तयार करणे म्हणजे संकलन किंवा एडिटिंग. हे काम घरच्या संगणकावर करता येते, याविषयी आता कोणाच्या मनात शंका नाही. शंका असते ती खर्चाविषयी. ‘चांगले सॉफ्टवेअर हजारो रुपयांचे असते, मग आपण ते कुठून आणणार?’ हा प्रश्न विचारला जातो आणि त्यावर कोणीतरी ओळखीचा तरुण ‘क्रॅक’ केलेली प्रत पेन ड्राइव्हवर आणून देतो. प्रस्तुत लेखाचा हेतू हा की, या मार्गाला जाण्याची मुळीच गरज नाही हे वाचकांच्या ध्यानी यावे.

व्यावसायिक स्टुडिओंमध्ये वापरले जाणारे अडोबी कंपनीचे प्रीमिअर हे सॉफ्टवेअर २०१३ सालापासून नव्या आवृत्त्यांच्या बाबतीत केवळ वर्गणीवर मिळते. म्हणजे ते विकत घेऊन कायमचे आपले होत नाही. वर्गणी थांबली की काम थांबते. वर्षातून एखादी चित्रफीत बनविणाऱ्या कुटुंबाला हा व्यवहार परवडणारा नाही. क्रॅक प्रतीविषयी बोलायचे तर तिच्यासोबत बहुधा काहीतरी संगणकात शिरते. विषाणू-प्रतिबंधक यंत्रणा बंद केल्याशिवाय ती प्रत बसवताच येत नाही, यातच सर्व काही आले. कायद्याच्या दृष्टीनेही हे निर्दोष नाही. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३-ब नुसार सॉफ्टवेअरची बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरणे हा गुन्हा असून त्यास किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास व पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड सांगितला आहे. वापर व्यापारासाठी नसल्यास न्यायालय कारावास माफ करू शकते, परंतु दंडाची तरतूद तेव्हाही आहे. धर्मग्रामाच्या कार्यालयातील संगणकावर अशी प्रत असणे तर अधिकच अशोभनीय होय.

मोफत मिळणारी सॉफ्टवेअर दोन प्रकारची असतात, आणि हा भेद ठाऊक असलेला बरा. पहिला प्रकार मुक्त सॉफ्टवेअरचा. जगभरातील संगणकतज्ज्ञ ते मिळून तयार करतात आणि ते वापरण्याची, वाटण्याची, त्यात बदल करण्याचीही मुभा सर्वांना असते. त्यावर मुदत नसते आणि तयार चित्रफितीवर शिक्काही उमटत नाही. दुसरा प्रकार कंपन्यांचा. एखादी कंपनी आपल्या सॉफ्टवेअरची लहान आवृत्ती विनामूल्य देते, ती अशा आशेने की ग्राहक पुढे मोठी आवृत्ती किंवा तिची इतर उत्पादने विकत घेईल. यात गैर काही नाही. फक्त मर्यादा आधी समजून घ्याव्यात. काही बहुचर्चित सॉफ्टवेअर ‘मोफत’ म्हणून उतरवून घेता येतात, आपण चार रात्री जागून संकलन करतो आणि शेवटी चित्रफीत बाहेर काढताना तिच्यावर कंपनीचे नाव ठळकपणे झळकते. ते पुसायचे असेल तर पैसे भरा! म्हणून कोणतेही सॉफ्टवेअर घेतल्यावर प्रथम अर्ध्या मिनिटाची क्लिप संकलित करून बाहेर काढून पाहावी. ही परीक्षा पाच मिनिटांत होते.

सॉफ्टवेअरकडे वळण्यापूर्वी संगणकाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. ‘आमच्या संगणकावर सिनेमा छान चालतो, पण एडिटिंग करताना तो अडकतो’ अशी तक्रार नेहमी ऐकू येते. त्याचे कारण समजण्यासारखे आहे. चित्रफीत म्हणजे सेकंदाला पंचवीस किंवा तीस स्थिरचित्रे. फुल एचडी प्रकारातील एका चित्रात १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार बिंदू असतात. हे सर्व जसेच्या तसे साठवायचे म्हटले तर एका सेकंदाला सुमारे १५५ मेगाबाइट जागा लागेल आणि तासाभराच्या मिस्सेला ५६० गिगाबाइट! म्हणून कॅमेरा व फोन चित्रण दाबून लहान करतात. २००३ साली प्रमाणित झालेली एच.२६४ ही पद्धत आजही सर्वाधिक प्रचलित आहे. तिचे मर्म असे की, प्रत्येक चित्र पूर्ण साठविले जात नाही. वेदी, क्रूस, मागची भिंत ही हलत नाहीत. हलतो तो धर्मगुरूंचा हात. तेव्हा अधूनमधून एक पूर्ण चित्र साठवायचे आणि मधल्या चित्रांच्या बाबतीत ‘काय बदलले’ एवढीच नोंद ठेवायची.

सिनेमा सरळ पाहताना या नोंदी ओळीने वाचल्या जातात, त्यामुळे संगणकाला त्रास होत नाही. संकलनात मात्र आपण कधी पुढे जातो, कधी दोन चित्रे मागे येतो, कधी एका चित्रावर दुसरे ठेवतो. अशा प्रत्येक वेळी संगणकाला मागच्या पूर्ण चित्रापर्यंत जाऊन तेथून पुन्हा सर्व जुळवीत यावे लागते. २०१३ साली आलेल्या एच.२६५ या पद्धतीत चित्रण आणखी दाबले जाते, म्हणून फाइल लहान होते, पण उलगडण्याचे श्रम वाढतात. आयफोनने २०१७ पासून ही पद्धत स्वीकारली. इतर अनेक फोनही ती वापरतात. त्यातच चित्रण ‘फोर-के’ असेल तर बिंदूंची संख्या फुल एचडीच्या चौपट. घरगुती समारंभ फोर-केमध्ये टिपण्याचा हट्ट धरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. फोनमध्ये फुल एचडी निवडावे. घरच्या टीव्हीवर ते उत्तम दिसते आणि संगणकाचे अर्धे दुखणे तेथेच थांबते.

जुन्या संगणकासाठी आणखी एक उपाय आहे, त्याला प्रॉक्सी म्हणतात. सॉफ्टवेअर प्रत्येक क्लिपची एक छोटी, हलकी कामचलाऊ प्रत तयार करते. आपण काटछाट त्या प्रतीवर करतो आणि अखेरीस चित्रफीत बाहेर काढताना सॉफ्टवेअर आपोआप मूळ चित्रण वापरते. दर्जा कमी होत नाही. ज्यांचा संगणक सात-आठ वर्षांचा आहे त्यांनी ही सोय असलेलेच सॉफ्टवेअर निवडावे. थोडा खर्च करायची तयारी असेल तर तो सॉफ्टवेअरवर न करता रॅम आठवरून सोळा गिगाबाइट करण्यावर आणि जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसविण्यावर करावा.

आता प्रत्यक्ष सॉफ्टवेअरकडे येऊ.

ज्येष्ठ वाचकांना विंडोज मूव्ही मेकर आठवत असेल. २००० साली ते विंडोजसोबत आले आणि एक्सपीच्या काळात अनेकांनी संकलनाचे पहिले धडे त्यावरच गिरवले. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१७ मध्ये ते मागे घेतले. त्याच वर्षी त्या नावाची बनावट प्रत पसरवून लोकांकडून पैसे उकळण्याचा प्रकार उघडकीस आला होता. तेव्हा कोणी ‘मूव्ही मेकर’ देऊ केल्यास सावध असावे. मायक्रोसॉफ्टने २०२१ मध्ये क्लिपचॅम्प ही कंपनी विकत घेतली आणि तिचे सॉफ्टवेअर आता विंडोज ११ सोबत येते. मोफत आवृत्तीतून फुल एचडीपर्यंतची चित्रफीत शिक्क्याविना काढता येते. त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे खाते लागते, आणि त्यातील काही तयार संगीत व दृश्ये केवळ वर्गणीदारांसाठी आहेत, तेवढी टाळावीत. पाच-दहा मिनिटांच्या कामाला, उदाहरणार्थ बालकांच्या नाताळ-नाटिकेसाठी, हे पुरेसे आहे.

अॅपलचा संगणक असणाऱ्यांना फारसा विचार करावा लागत नाही. १९९९ साली आलेले आयमूव्ही २०१७ पासून सर्व अॅपल-धारकांना विनामूल्य आहे आणि घरगुती कामासाठी ते पुरून उरते.

विंडोजवर तासाभराचे काम करायचे असेल तर माझी पहिली पसंती शॉटकटला. हे मुक्त सॉफ्टवेअर विंडोज, अॅपल आणि लिनक्स या तिन्हींवर चालते, जवळजवळ कोणत्याही प्रकारची फाइल उघडते आणि त्यात प्रॉक्सीची सोय आहे. प्रथम उघडल्यावर मात्र पडदा रिकामा वाटतो व नवशिका गोंधळतो. वरच्या पट्टीतील ‘टाइमलाइन’ हे बटण दाबले की खाली आडवा पट्टा उघडतो. क्लिप त्यावर ओढून ठेवाव्यात, नको तेथे कापाव्यात, नको तो तुकडा काढून टाकावा. दोन क्लिप एकमेकींवर थोड्या सरकविल्या की एक दृश्य विरघळून दुसरे उमटते. एवढे जमले की निम्मे काम जमले. केडेनलाइव्ह हेही त्याच तोडीचे मुक्त सॉफ्टवेअर आहे. त्यात सोयी अधिक आणि शिकण्याचा कालावधीही किंचित अधिक. विंडोज १० ला मिळणारे मायक्रोसॉफ्टचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. ज्यांचा संगणक विंडोज ११ पेलू शकत नाही व जे त्यावर लिनक्स बसविण्याच्या विचारात आहेत, त्यांना केडेनलाइव्ह विशेष सोयीचे पडेल. ओपनशॉट हे तिसरे मुक्त सॉफ्टवेअर दिसायला सर्वांत सोपे. शाळकरी मुलांच्या हाती द्यायला चांगले.

दा विंची रिझॉल्व्हची गोष्ट निराळी. चित्रपटांच्या रंगसंस्कारासाठी जगभर नावाजलेले हे सॉफ्टवेअर ऑस्ट्रेलियातील ब्लॅकमॅजिक डिझाइन या कंपनीने २००९ मध्ये घेतले आणि पुढे त्याची एक आवृत्ती विनामूल्य खुली केली. कंपनी कॅमेरे व स्टुडिओची यंत्रे विकते, त्यामुळे तिला हे परवडते. मोफत आवृत्ती इतकी समृद्ध आहे की घरगुती वापरात तिची मर्यादा कधी जाणवणार नाही. संपूर्ण आवृत्तीची किंमत अमेरिकेत २९५ डॉलर आहे आणि तीही वर्गणी नसून एकदाच द्यावयाची रक्कम. अडचण संगणकाची आहे. सोळा गिगाबाइट रॅम आणि बऱ्यापैकी स्वतंत्र ग्राफिक कार्ड नसेल तर याच्या वाटेला जाऊ नये. लिनक्सवरील मोफत आवृत्ती तर फोनच्या नेहमीच्या एच.२६४ फाइलीही थेट वाचत नाही. मात्र ज्या तरुण-तरुणींना हे काम पुढे व्यवसाय म्हणून करावयाचे आहे त्यांनी क्रॅकच्या नादी न लागता हेच शिकावे.

कधी कधी एवढ्या खटाटोपाचीही गरज नसते. तासाभराच्या चित्रणातून फक्त दहा मिनिटांचे प्रवचन वेगळे काढावयाचे असेल तर लॉसलेसकट हे छोटे मुक्त सॉफ्टवेअर ते काही क्षणांत कापून देते. ते चित्रण पुन्हा दाबत नाही, म्हणून दर्जा तसूभरही कमी होत नाही. वर सांगितलेल्या पूर्ण चित्रांच्या जागीच ते नीट कापू शकते, त्यामुळे सुरुवात एखाद-दोन सेकंद मागे सरकते इतकेच.

एक परीक्षा आपण मराठी भाषकांनी अवश्य घ्यावी. शीर्षकाच्या चौकटीत ‘ख्रिस्त’, ‘दृढीकरण’, ‘आशीर्वाद’, ‘किती’ हे शब्द टाइप करून पाहावेत. काही सॉफ्टवेअरमध्ये जोडाक्षरे फुटतात, पहिली वेलांटी अक्षराच्या पुढे न लागता मागे लागते आणि रफार भलत्याच जागी जातो. परदेशी नातेवाइकांना पाठविलेल्या चित्रफितीत वधू-वरांची नावे अशी मोडकी दिसणे बरे नव्हे. शॉटकट व केडेनलाइव्हमध्ये युनिकोड देवनागरी व्यवस्थित उमटते. प्रीमिअर वापरणाऱ्यांना सेटिंगमध्ये जाऊन दक्षिण आशियाई लिपींचा पर्याय निवडावा लागतो. जेथे काहीच जमत नाही तेथे शीर्षक जिंप या मोफत चित्र-सॉफ्टवेअरमध्ये पारदर्शक पार्श्वभूमीवर तयार करून चित्र म्हणून वरच्या थरावर ठेवावे. अक्षरवळण म्हणून विंडोजमधील ‘मंगल’च वापरले पाहिजे असे नाही, मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडविलेले ‘मुक्त’ आणि ‘बलू’, तसेच गुगलचे ‘नोटो सान्स देवनागरी’ हे सुबक फाँट विनामूल्य उपलब्ध आहेत.

जुन्या कॅसेटचा प्रश्न सॉफ्टवेअरच्याही आधी येतो आणि तो निकडीचा आहे. आपल्या दमट किनारपट्टीवर चुंबकीय फितीला बुरशी लवकर लागते. शिवाय फीत शाबूत असली तरी ती वाजविणार कशावर? व्हीएचएस यंत्रे बनविणारी जपानची फुनाई ही शेवटची कंपनी. तिनेही जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबविले. तेव्हा ज्यांच्या घरी किंवा शेजारी चालू स्थितीतील व्हीसीआर आहे त्यांनी हे काम पुढच्या नाताळावर ढकलू नये. व्हीसीआरच्या पिवळ्या, लाल व पांढऱ्या वायरी यूएसबी कॅप्चर नावाच्या छोट्या उपकरणाला जोडायच्या, ते संगणकाला लावायचे आणि ओबीएस स्टुडिओ या मोफत सॉफ्टवेअरने चित्रण भरून घ्यायचे. यात घाई चालत नाही. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात. मिनी-डीव्ही कॅसेट असतील तर कॅमेरा फायरवायरने जोडावा, कारण त्यातील चित्रण मुळातच अंकीय स्वरूपात असते व ते जसेच्या तसे उतरते. एका तासाला सुमारे तेरा गिगाबाइट जागा धरावी. फायरवायरची खाच नव्या संगणकांत नसते. एखाद्या जुन्या डेस्कटॉपमध्ये ती सापडते.

त्या काळचे चित्र चार-तीन या प्रमाणाचे, जवळजवळ चौकोनी असे. रुंद टीव्ही भरावा म्हणून ते ताणू नये. ताणल्याने सर्व माणसे बुटकी व जाडी दिसतात! दोन्ही बाजूंस काळी पट्टी राहिली तर राहू द्यावी. हालचालीच्या वेळी कडांना कंगव्यासारखे दात दिसल्यास ‘डीइंटरलेस’ हा पर्याय निवडावा.

फोनच्या चित्रणाविषयी दोन सूचना. नातेवाइकांकडून क्लिप मागवताना त्या व्हॉट्सअॅपवर साध्या पाठवू नयेत असे सांगावे, कारण तसे केल्यास त्या खूपच दाबल्या जातात. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठविल्यास मूळ दर्जा टिकतो; २०२२ पासून अशी फाइल दोन गिगाबाइटपर्यंत पाठविता येते. दुसरे असे की, फोन सेकंदाला ठरावीक संख्येने चित्रे घेत नाही. उजेड कमी झाला की संख्या कमी होते. त्यामुळे काही सॉफ्टवेअरमध्ये लांब चित्रण लावले की आवाज व ओठ यांची फारकत होते, गायनवृंद आधी गातो आणि तोंडे मागून हलतात. अशी क्लिप आधी हँडब्रेक या मोफत सॉफ्टवेअरमधून ‘कॉन्स्टंट फ्रेम रेट’ निवडून काढून घ्यावी, मग संकलनास घ्यावी.

संगीताच्या बाबतीत पुष्कळांचा गैरसमज दिसतो. धार्मिक विधी चालू असताना गीत गाण्यास वा वाजविण्यास कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सवलत आहे आणि त्यात लग्नाची मिरवणूकही येते. पण घरी संकलन करताना चित्रपटगीत मागे लावून ती चित्रफीत यूट्यूबवर चढविणे ही वेगळी बाब ठरते. यूट्यूबची यंत्रणा गाणे आपोआप ओळखते. मग कधी आवाज बंद होतो, कधी चित्रफीतच दिसेनाशी होते. यूट्यूबच्या स्वतःच्या ऑडिओ लायब्ररीत विनामूल्य संगीत आहे. त्याहून उत्तम म्हणजे आपल्याच गायनवृंदाने त्या दिवशी गायिलेले गीत, अर्थात त्यांना विचारून. लहान मुलांचे चित्रण असेल तर ते सर्वांसाठी खुले न करता ‘अनलिस्टेड’ ठेवावे. मग दुवा ज्यांच्याकडे आहे तेच ते पाहू शकतात. हा दुवा पुढे धाडू नये, हेही नातेवाइकांना सांगून ठेवावे.

काम संपल्यावर चित्रफीत एमपी-४ प्रकारात, एच.२६४ पद्धतीने, फुल एचडी आकारात काढावी. ती बहुतेक टीव्हींवर चालते. पेन ड्राइव्हवर घेताना एक अडचण हमखास येते. पेन ड्राइव्हमध्ये भरपूर जागा असूनही ‘फाइल फार मोठी आहे’ असा संदेश येतो. पेन ड्राइव्ह फॅट-३२ या जुन्या पद्धतीने बांधलेला असला की त्यात चार गिगाबाइटपेक्षा मोठी एकच फाइल मावत नाही. सेकंदाला दहा मेगाबिट या दराने काढलेली तासाभराची चित्रफीत साडेचार गिगाबाइटची होते. दर आठवर आणला तर ती ३.६ गिगाबाइटमध्ये बसते. किंवा पेन ड्राइव्ह एक्सफॅट पद्धतीने नव्याने बांधावा; मात्र त्याने आतील सर्व माहिती पुसली जाते आणि काही जुने टीव्ही असा ड्राइव्ह ओळखत नाहीत, म्हणून ज्या टीव्हीवर दाखवावयाचा त्यावर आदल्या दिवशीच लावून पाहावा. मूळ क्लिप व कॅसेटवरून उतरविलेले चित्रण पुसून टाकू नये. त्याच्या दोन प्रती दोन वेगवेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवून त्यांपैकी एक विवाहित बहिणीच्या किंवा भावाच्या घरी ठेवण्यास द्यावी.